दोघांनी उचलायच्या वस्तू

१ ते ६४

यादी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिन्यापाशी खिळ्याला टांगलेली असे. अक्षर अनुपमाचं. वर लिहिलेलं: ‘चढवायची यादी’.

महाडात नदीकडच्या गल्लीत राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की पावसाळ्यात सावित्री गावात येते. आधी भोंगा वाजतो. भोंगा आणि उंबरठ्यावरचं पाणी यांच्यामध्ये जो वेळ मिळतो तेवढ्यात खालचं घर वर न्यायचं. दसऱ्याला उतरवायचं.

प्रत्येक वस्तूपुढे एक अक्षर. र म्हणजे रघुवीर. अ म्हणजे ती स्वतः. ‘दो’ म्हणजे दोघांनी. ‘ग’ म्हणजे गल्लीनं, म्हणजे शेजारचे पाचसहा पुरुष आल्याशिवाय हात लावायचा नाही.

र एकवीस. अ सतरा. दो एकोणीस. ग सात.

रघुवीरने आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत तो ‘मोजणीवाले’च होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याने यादी खाली काढली, चष्मा पुसला आणि बेरीज केली. चौसष्ट. बरोबर.

उचलणारा एक.


अट

अट अनिशने घातली. मुलगा पुण्यात. आईचं तेरावं झालं तेव्हापासून दर रविवारी फोन आणि दर फोनला तेच.

“बाबा, मागच्या पावसात मी तीन रात्री झोपलो नाही. तुम्हाला पटत नाही, ठीक आहे. मोजून दाखवा.”

“काय मोजून दाखवू?”

“एक जूनला मी येतो. घड्याळ लावतो. रोज जे खाली असतं ते सगळं दोन तासांत एकट्याने वर. जमलं तर राहा, मी परत विषय काढणार नाही. नाही जमलं तर कुलूप लावायचं आणि दसऱ्यापर्यंत पुण्याला.”

“चालेल.”

रघुवीर इतक्या पटकन चालेल म्हणाला की अनिशला पुढचे मुद्दे गुंडाळून ठेवावे लागले. मग सई आली फोनवर. सून. तिच्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या असतात, चिठ्ठ्यांवर तारखा असतात.

“बाबा, सोपं आहे. जी वस्तू वर्षभर वापरली नाही ती काढून टाकायची. बस.”

तो हो म्हणाला. पण महाडचा नियम वेगळा आहे. जी उचलवत नाही ती काढायची.


ग

वरची खोली म्हणजे पत्र्याखालची एक लांबट जागा. उन्हाळ्यात दुपारी तिथे उभंही राहवत नाही. खिडकी एकच, ती मागच्या भिंतीकडे.

पोलादपूरहून पुतण्या टेंपो घेऊन आला. सुनील. बरोबर तिघे. फ्रिज आणि पलंग वर नेऊन कायमचे ठेवले. लोखंडी कपाट, जेवणाचं टेबल, काचेचं शोकेस, धुण्याचं यंत्र, घरगुती चक्की टेंपोत गेली.

“काका, सगळं काढताय म्हंजे लगीन-बिगीन काढलंय की काय?”

“हो. मुलगी बघ.”

“बघतो की. चढवता-उतरवता येनारी पायजे ना?” सुनील हसला आणि मग आपण काय बोललो ते कळून दोरी आवळायला टेंपोमागे गेला.

आधीची गल्ली असती तर टेंपो लागला नसता. भोंगा वाजला की नदीकडच्या टोकाच्या घरापासून सुरुवात होई. सगळे त्या घरात. ते वर गेलं की सगळे दुसऱ्या घरात. रघुवीरचं चौथं. कुणी कुणाला बोलवायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. जिन्यावर माणूस ओझं घेऊन दिसला की दुसरं टोक धरायचं, एवढीच रीत. एकवीसच्या पुरानंतर मात्र लोक निघाले. कुणी वरच्या अंगाला फ्लॅट घेतला, कुणी पनवेलला. आता अकरा घरांत आठ कुलपं.


७, १२, १३, ३०

गेलं. गेलं. गेलं. फुटलं.


१८ (अ)

पुस्तकांची ट्रंक. तिच्या नावापुढची होती म्हणजे ती एकटी उचलायची. रघुवीरने उचलून पाहिली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. चौथ्या पायरीवर टेकवली.

ही ती एकटी न्यायची?

सतरा पायऱ्या. रुंदी दोन फूट चार इंच. नवव्या पायरीला वळण. तीस वर्षं तो खालून ‘अ’ हे अक्षर बघत होता आणि त्याला वाटत होतं की तिने स्वतःकडे हलक्या वस्तू घेतल्या आहेत.

ट्रंकेतली निम्मी पुस्तकं वाचनालयाला दिली. निम्मी ट्रंक त्याच्याच्याने उचलली गेली.


४१ (दो)

नंतर.


पहिला सराव

मेच्या मध्यात एका सकाळी नऊ वाजता त्याने घड्याळ लावलं आणि सुरू केलं. आकाश कोरं. ऊन अंगणात. तांदळाचा डबा वर, देव वर, गॅसची शेगडी वर. सिलिंडर एकेक पायरी टेकवत. तिसाव्या मिनिटाला खाली उतरला तर दारात चंद्राबाई. डोक्यावर गाठोडं, काखेत तवा, हातात पिंजरा नसलेला पोपट असावा तशी धरलेली कोंबडी.

चंद्राबाई समोरच्या बंद घराच्या पुढच्या खोलीत राहते. पोलादपूरच्या वरच्या अंगाची. डोंगर खचला त्या वर्षी वाडीतून खाली आली, घरमालकाने राखणीला ठेवली. खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या थापून देते. सत्तरीची असेल. तिला माडी नाही. माडीला मालकाचं कुलूप.

“धरणाचं पानी सोडलं काय?” तिने धापा टाकत विचारलं.

“नाही. सराव आहे.”

“काय हाय?”

“सराव. वर चढवायचा. किती वेळ लागतो ते मोजतोय.”

तिने गाठोडं उतरवलं, आभाळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“मी थापती भाकरी तव्यावर टाकून आले. तिचा कोळसा झाला असंल. आनि तुमचा सराव! मरायचा पन सराव करून जानार काय मोजणीवाले?”

“चुकलं.”

“माडीवर मानूस चढताना बघितला की आमी इचारीत बसत नाय. आमी उचलतो. पुढल्या बारीला सराव असला तर आदी सांगा. नाय सांगितलंत तर मी पानीच समजनार.”

“सांगेन.”

“कोंबडीची शपथ घ्या.”

त्याने घेतली. कोंबडीने मान फिरवली.

त्या दिवशी वेळ लागला दोन तास एकवीस मिनिटं. म्हणजे अजून काढायला हवं.


२२, २३, २६, ३३, ३४, ३५, ३९

सगळी दो.

चंद्राबाई दुपारी भाकऱ्या देऊन परत येताना त्याच्या दारात थांबायची. आत वाकून बघायची. मोठं पातेलं गेलं. सतरंज्यांची वळकटी गेली. लाकडी फडताळ गेलं. तिला बरंच काही घे म्हणाला, तिने एक परात घेतली.

“रोज मी बघते,” ती म्हणाली, “म्हटलं मोजणीवाले एकटे हायत, काय धरायला लागलं तर धरू. तर तुमी धरायचंच सगळं काढलंत. दुसऱ्यानं टोक धरावं असं काय ठेवलंच नाय की वो घरात.”

“तेच तर करायचं होतं.”

“मंग झालं की,” ती म्हणाली आणि गेली.

दुसरा सराव तिला सांगून केला. एक तास पाच मिनिटं. तिसरा अठ्ठावन्न मिनिटं. खालच्या खोलीत बोललं तर आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. तो पूर्वी घरात मोठ्याने बोलत असे. आता हळू बोलू लागला. मग कमी. मग दिवसदिवस आवाज फक्त रेडिओचा, तोही र, त्याच्याच वाट्याचा.


४१ (दो)

बाक.

शिसवी. लांबी पाच फूट दोन इंच. जागा ओटीवर, गल्लीकडे तोंड करून. सकाळचा चहा त्याच्यावर, पेपर त्याच्यावर, वाटाणे सोलणं त्याच्यावर, अबोला त्याच्यावर. अबोल्यात दोघं दोन टोकांना बसत आणि मध्ये सूप ठेवत.

बाक जिन्याच्या वळणावर एका माणसाने फिरत नाही. हे भावनेचं नाही, मापाचं आहे. वरच्या माणसाला आपलं टोक कठड्यावरून उचलून धरावं लागतं, तेव्हा खालच्याला आपलं टोक भिंतीकडे ढकलता येतं. अनुपमा वर असे. ती म्हणे, “थांब.” मग म्हणे, “दे.” आणि तो देई. एकवीसला बाक शेवटचा गेला, तेव्हा तो तिसऱ्या पायरीवर गुडघाभर पाण्यात होता, आणि ती तेवढेच दोन शब्द म्हणाली होती. मग दुसऱ्या दिवसापर्यंत दोघं त्याच बाकावर वर बसून होते, खाली आपल्या घरात पाणी हलताना ऐकत.

सुनीलला देता आला असता. सुनीलने दोनदा विचारलं.

वर नेऊन ठेवता आला असता. पण मग अनिश म्हणाला असता, तिथेच राहू दे. आणि वरून गल्ली दिसत नाही.

एकोणतीस मेला त्याने चंद्राबाईला हाक मारली.

“ओटीला चुना काढायचाय. चार दिवस बाक तुमच्याकडे ठेवू?”

“ठेवा की. तांदूळ निवडाय बरा.”

दोघांनी उचलला. गल्ली ओलांडून बेचाळीस फूट. तिच्या खोलीत भिंतीला लावला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाच्या सांगण्यावरून हद्दीचा दगड वीतभरही सरकवला नव्हता. परत येऊन त्याने ओटीवरच्या बाकाच्या चार पायांचे डाग ओल्या फडक्याने पुसले. गेले नाहीत. त्यांच्यावर लांब गोणपाट टाकलं.

यादीत ४१ पुढे बरोबरची खूण केली.

ओटीला चुना काढला नाही.


एक जून

अनिश साडेदहाला आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली. सकाळपासून आभाळ भरलेलं, हवा कोंदलेली. तो दारात उभा राहिला आणि बराच वेळ आत आलाच नाही.

“बाबा, काहीच नाहीये.”

“आहे की. अडतीस वस्तू आहेत.”

“आईचं शोकेस?”

“सुनीलकडे. तिथे पाणी येत नाही. घड्याळ लाव.”

अनिशने फोन काढला. रघुवीरने धोतर नव्हे, अनिशचीच जुनी ट्रॅकपँट घातली होती. पहिला देव. मग कागदपत्रांची पेटी. मग डबे, दोन दोन. अनिश जिन्याशी उभा राहून वर जाणाऱ्या बापाच्या पोटऱ्या बघत होता. एकदा त्याचा हात आपोआप पुढे आला. “हात मागे,” रघुवीर म्हणाला.

अकरा वाजता भोंगा वाजला.

लांब, वर चढत गेलेला, मग खाली आलेला. अनिश दचकून रस्त्याकडे धावला.

“तपासणी आहे,” रघुवीर वरून ओरडला. “दर वर्षी या दिवसांत वाजवून बघतात. काल रिक्षा फिरली होती सांगत.”

ट्रंक. सिलिंडर. शेवटी शेगडीखालचा कडप्पा, वर्तमानपत्रात गुंडाळून, पोटाशी धरून. अकरा बत्तीसला तो खाली उतरून उघड्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. घाम डोळ्यांत. छाती वरखाली.

“किती?”

अनिशने फोनकडे बघितलं. “बावन्न.” मग घर फिरून आला. स्वयंपाकघर, मोरी, ओटी. गोणपाटाशी थांबला, पण ते पायाने सारलं नाही.

“पास, बाबा,” तो म्हणाला. हसला नाही. “राहा तुम्ही. शब्द दिला होता.”

रघुवीरला बसायचं होतं. बसायला काही नव्हतं. तो पहिल्या पायरीवर बसला. म्हणजे आता हे सगळं परत खाली आणायचं. एकट्याने. आणि मग भोंगा वाजला की वर. जमत होतं. बावन्न मिनिटांत जमत होतं.

बाहेरून फरफटल्याचा आवाज आला. दगडावर लाकूड.

“मोजणीवाले! अवो मोजणीवाले!”

चंद्राबाई गल्लीच्या मधोमध होती. डोक्यावर गाठोडं, कंबरेला पदर खोचलेला, आणि मागे, एका टोकाला धरून ओढत आणलेला, बाक.

“खानावळीतनं पळत आले. भोंगा ऐकला. तुमी चढवताय, पोरगा पुण्यावरनं येऊन हुबा, आनि मला सांगितलं नाय, म्हंजे पानीच! आनि तुमचा बाक माज्याकडं राह्यलाय. तुमी इसरलात तरी मी कशी इसरीन? धरा, धरा बिगी बिगी!”

तिला सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने अनिशसमोर बाकाचं विचारलं असतं.

अनिश बाकाकडे बघत होता. मग गोणपाटाकडे. त्याने ते बुटाने हळूच सरकवलं. चार डाग.

“हा आपला ना?”

आता रघुवीरला म्हणता आलं असतं की दिला त्यांना. चंद्राबाई म्हणाली असती, कवा दिला? तरी म्हणता आलं असतं. तो तोंड उघडत होता. पण बाक जिन्याच्या तोंडाशी आला होता, आणि बाकाचं एक टोक दुसऱ्या माणसाच्या हातात होतं, आणि गल्लीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात अशा वेळी तोंडाची वाट बघत नाहीत. त्याने दुसरं टोक उचललं.

“मी वर जाते,” चंद्राबाई म्हणाली.

“नाही, वर मला—”

“तुमी दमलाव. खाली ऱ्हा.”

एक. दोन. तीन. तिचे पाय अनवाणी, टाचा फुटलेल्या, पायरी चाचपून मागे जाणाऱ्या. पाचव्या पायरीवर दोघांनी टेकवला. अनिश पुढे झाला.

“हात मागे,” रघुवीर म्हणाला. “परीक्षा चालू आहे.”

नववी पायरी. वळण. बाक अडला. तिला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच नव्हतं. ती ओढत होती आणि तो भिंतीवर खरडत होता.

“थांबा,” तो म्हणाला. हा शब्द त्याने त्या जागी आजवर कधी उच्चारला नव्हता. तो नेहमी ऐकायचा. “तुमचं टोक वर घ्या. कठड्यावरून. अजून. आता म्हणा, दे.”

“काय म्हनू?”

“दे.”

“अवो मंग द्या की!”

बाक फिरला.


वेळ

एक तास सतरा मिनिटं.

तिघं वर, पत्र्याखाली. चंद्राबाई बाकावर बसून पदराने वारा घेत होती. बाकाचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं. दुसरीकडे जागाच नव्हती.

“दोन तासांच्या आत आहे,” अनिश म्हणाला.

“माणसं किती लागली?”

अनिशने फोन खिशात घातला.

“किती लागली? मोजणी पूर्ण सांगावी.”

“दोन.”

“मग नापास लिही.”

चंद्राबाईचा वारा थांबला. “नापास? कोन नापास? पानी कुटं हाय?”

“पाणी नाही, आजी. भोंग्याची तपासणी होती. बाबांची परीक्षा होती, एकट्याने सगळं वर नेता येतं का बघायची.”

तिने रघुवीरकडे पाहिलं. ते बघणं त्याने खाली मान घालून घेतलं.

“म्हंजे चुना नाय काढायचा होता.”

“नाही.”

“कोंबडीची शपथ घेतलीत. आनि गल्लीत एकट्यानं चढवायचं? असं कोन करतं?” ती हसायला लागली, मग तिला खोकला आला, मग ती बराच वेळ खोकत राहिली. अनिशने पाणी आणून दिलं. पाणी देता देता त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज मऊ झाला, कारण त्याला वाट दिसली होती:

“आजी, तुम्ही पावसात इथंच असता ना? समोर? दोघं असाल तर मग…”

रघुवीरने मान वर केली.

“मी?” चंद्राबाईने तोंड पुसलं. “नाय बाबा. मिरगाच्या आदी लेक येते न्यायला. रंगू. पोलादपुरात तिचं पक्कं घर हाय. दर साली नेते. मी काय पुरात ऱ्हाते होय? मला माडी कुटं हाय?”

“मग पावसाळ्यात या गल्लीत कोण असतं?”

तिने एकेक बोट दुमडायला सुरुवात केली, दोनांवर थांबली, एक परत उघडलं. रघुवीरचं तेवढं राहिलं.


४१

कुलूप पाच जूनला लावलं. वस्तू वर होत्याच, परत उतरवायच्या नव्हत्या. कधी नव्हे ते महाडातलं त्याचं घर पाण्याच्या आधी तयार होतं.

यादी त्याने खिळ्यावरून काढली. ४१ पुढची खूण खोडली. बरोबर पुण्याला नेली.

सईने भिंतीतल्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. कडेला चिठ्ठी: ‘बाबा’. त्याने कपडे ठेवले, चष्म्याचं घर, गोळ्या. तरी अर्धा उरला. त्या घरात सगळं भिंतीला पक्कं होतं. पलंग, टेबल, आरसे. उचलायचं असं काहीच नव्हतं. सहावा मजला. पाऊस खाली पडताना दिसे, आवाज येत नसे. सगळे फार चांगले वागत. सकाळी आठला घर रिकामं होई.

जुलैत, बातम्यांत सावित्रीचं नाव आलं त्या दुपारी, त्याने रंगूचा नंबर लावला. तिने फोन आईला दिला.

“मोजणीवाले! पानी आलं काय गल्लीत?”

“ओटीपर्यंत, म्हणतात. आत नाही.”

“आनि बाक?”

“बाक वर आहे.”

“मला ठावं हाय वर हाय. मीच नेला.” पलीकडे पावसाचा आवाज होता, पत्र्यावरचा, मोठा. तो ऐकत राहिला. “आता उतरवायचा कुनी? एकट्याला काय तो वळायचा नाय.”

“नाही. एकट्याला नाही.”

“मंग दसऱ्याला यावं लागंल मला. तुमी पन या. उगा मी येऊन बसायचे नि तुमचा पत्ता नाय. आनि त्या बारीला मी खाली, तुमी वर. माझ्या टाचा दुखल्या महिनाभर.”

“चालेल.”

“शपथ नका घेऊ,” ती म्हणाली. “तुमच्या शपथंला कोंबडीबी इचारत नाय.”

फोन ठेवल्यावर त्याने यादी काढली. प्लास्टिकला आतून वाफ धरली होती. ४१ पुढे अनुपमाचं ‘दो’ होतं तसंच होतं. त्याने काही बदललं नाही. सहाव्या मजल्यावरच्या शांत घरात तो उठला, दाराच्या चौकटीशी गेला, दोन्ही हात कमरेपाशी धरून एक पाऊल मागे टाकलं, जसं वरच्या माणसाला टाकावं लागतं. पायरी न बघता. चाचपून.

थांबला.

“दे,” म्हणून पाहिलं.